तुमच्याकडे म्हणजे कुठे, अण्णा?

माझे थोरले चुलतभाऊ अण्णा कराडला असतात. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी ते सणासुदीच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहीत नाहीत. पण 10 सप्टेंबर 2024 च्या रात्री फिलाडेल्फियात कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प यांचा डिबेट झाला, तो अण्णांनी त्यांच्या सकाळच्या चहाबरोबर पूर्ण पाहिला आणि लगेच लिहिलं: "तुमच्याकडे बघा. उमेदवार समोरासमोर उभे राहून दीड तास मुद्द्यांवर बोलतात. आपल्याकडे दारू, मटण, पाकिटं, नकला आणि एकमेकांच्या बायकापोरांचा उद्धार. आपल्या लोकांची लोकशाहीची लायकीच नाही." त्यानंतर विधानसभा झाली, पण अण्णांचं मत काही बदललं नाही. निवडणुकीचा विषय निघाला की हाच संदेश, दोन शब्द इकडेतिकडे करून, पुन्हा येतो. ग्रुपवरची सगळी मंडळी अंगठा दाखवतात.

मला या संदेशातल्या दोन शब्दांचा राग येतो. एक 'लायकी'. दुसरा 'तुमच्याकडे'.

लायकीचं आधी बोलू, कारण त्यावर मला उत्तर देता येतं. मी 2001 पासून ओहायोतल्या कँटनमध्ये राहते. या राज्यानं 1964 पासून 2016 पर्यंत ज्याला निवडलं तोच दर वेळी अध्यक्ष झाला, त्यामुळे प्रचार म्हणजे काय हे इथं राहणाऱ्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. आणि तरी मी ते पुस्तकांतून शिकले आहे. आमच्या काउंटीची लायब्ररी ज्या जागेवर उभी आहे, तिथं एकेकाळी, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या विल्यम मॅकिन्लीचं घर होतं. त्या घराबद्दल पुढे सांगते. अण्णांना जो देश टीव्हीवर दिसतो, तो मी शनिवार-रविवारच्या दुपारी त्या लायब्ररीत बसून दोनशे वर्षं मागे जाऊन पाहिला आहे, म्हणून अधिकारानं बोलते.

तर तो दीड तासाचा डिबेट. अण्णांना वाटतं, ही अमेरिकेची जुनी परंपरा. लिंकन आणि डग्लस यांचे 1858 चे सात वाद सगळ्यांना माहीत असतात. एकानं तासभर बोलायचं, दुसऱ्यानं दीड तास, मग पहिल्यानं पुन्हा अर्धा तास, आणि लोक उन्हात उभे राहून ऐकायचे. पण ते वाद सिनेटच्या जागेसाठी होते, आणि सिनेटर तेव्हा लोक नव्हे तर राज्याचं विधिमंडळ निवडत असे. दोनच वर्षांनी लिंकन अध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा तो स्प्रिंगफील्डच्या आपल्या घरीच बसून राहिला. स्वतःसाठी मतं मागत फिरणं हलकेपणाचं मानलं जाई. अध्यक्षपदाच्या मुख्य उमेदवारांचा समोरासमोर पहिला टीव्ही डिबेट थेट 1960 साली, 26 सप्टेंबरला शिकागोत झाला. केनेडी ताजातवाना होता, निक्सन गुडघ्याच्या दुखण्यानं इस्पितळात राहून आलेला, चेहरा उतरलेला. त्या रात्री सुमारे सात कोटी लोकांनी तो पाहिला. आणि पुढे काय? 1964 ला नाही, 68 ला नाही, 72 ला नाही. सोळा वर्षं एकही नाही, कारण पुढे असलेल्या उमेदवाराला त्यात फायदा दिसत नव्हता. 1976 ला फोर्ड आणि कार्टर फिलाडेल्फियाच्या नाटकगृहात उभे राहिले, मध्येच आवाजाची यंत्रणा बंद पडली, आणि 27 मिनिटं हे दोन जाणते पुरुष आपापल्या मेजामागे जवळपास मुके उभे राहिले. शेजारी जाऊन एकमेकांशी दोन शब्द बोलावेत असंही त्यांना वाटलं नाही.

मी अण्णांना विचारते: जो डिबेट तुम्ही पाहिलात, त्या सभागृहात प्रेक्षक किती होते? एकही नव्हता. 1960 च्या स्टुडिओतही नव्हता. ज्यांच्यासाठी बोलायचं ती माणसंच समोर नाहीत, अशा बोलण्याला तुम्ही लोकशाही म्हणता आणि आपल्या मैदानावरच्या सभेला तमाशा म्हणता. मैदानात भाषण पडलं तर ते पडल्याचं बोलणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. लोक उठून चालू लागतात, मागची पोरं शिट्ट्या मारतात. ऑक्टोबर 2019 मध्ये साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले, तेव्हा मी इथं फोनवर ते पाहिलं. खुर्च्या डोक्यावर धरून माणसं उभी होती. मी त्यांच्या पक्षाची नाही, कुणाच्याच नाही, पण त्या डोक्यावरच्या खुर्च्या बघून मला रडू आलं.

आता दारू. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन 1758 साली व्हर्जिनियाच्या सभागृहासाठी उभा राहिला, तेव्हा तो स्वतः मतदारसंघात नव्हता, लष्करी कामावर होता. त्याच्या माणसांनी जेमतेम चारशे मतदारांना सुमारे 160 गॅलन रम, पंच, वाइन, बिअर पाजली. निवडून आल्यावर वॉशिंग्टननं पत्र लिहून काळजी व्यक्त केली ती पाजल्याची नव्हे, हात आखडता तर घेतला नाही ना, याची. तिथंच 1777 मध्ये जेम्स मॅडिसननं दारू पाजायला नकार दिला आणि तो पडला. हाच मॅडिसन पुढे राज्यघटनेचा मुख्य शिल्पकार झाला, अध्यक्ष झाला. त्याला पाडणाऱ्या मतदारांना कुणी 'लोकशाहीला नालायक' म्हणून मतदानातून काढून टाकलं नाही. कराडच्या माणसानं ढाब्यावर फुकटचं जेवण घेतलं की मात्र सगळ्या देशाची लायकी निघते.

बायकापोरांच्या उद्धाराबद्दल बोलायचं तर मला बाबांच्या छापखान्यापासून सुरुवात करावी लागेल.

बाबांचा कराडात लहानसा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, छपाईच्या खिळ्यांच्या केसेस, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि निवडणूक आली की हँडबिलं. पिवळा, गुलाबी, हिरवा कागद घरभर पसरलेला असायचा. चिन्हांचे ब्लॉक एका पत्र्याच्या डब्यात ठेवलेले असत, बैलजोडीपासून पुढचे सगळे. चिन्ह गोठलं, पक्ष फुटला, तरी बाबा ब्लॉक टाकून देत नसत. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून हँडबिलांचे शंभर-शंभरचे गठ्ठे बांधायला बसायचे. प्रत्येक हँडबिलाच्या तळाशी मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, हा कायदा मला पाढ्यांबरोबर पाठ होता. एका विधानसभेच्या वेळी मतदानाच्या आदल्या रात्री एका उमेदवाराची माणसं मजकूर घेऊन आली. विरोधी उमेदवाराच्या बायकोबद्दल होता. प्रकाशकाचं नाव घालायचं नाही म्हणाली. बाबांनी कागद परत केला. त्या उमेदवाराकडे महिनाभराचं बिल थकलं होतं, ते त्या रात्रीनंतर कधीच आलं नाही. आईला दिवाळीची साडी त्या वर्षी झाली नाही. तिनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि मला वाटतं त्या घरात मी राजकारण जे शिकले ते एवढंच.

म्हणून 1828 ची निवडणूक वाचताना मी छापणाऱ्यांकडे बघत होते. अध्यक्षपदाचा उमेदवार अँड्र्यू जॅक्सन, त्याची बायको रेचेल. तिचं पहिलं लग्न मोडलं होतं, पण तो घटस्फोट कायद्यानं पुरा होण्याआधीच तिचं जॅक्सनशी लग्न लागलं. ते कळल्यावर दोघांनी 1794 मध्ये पुन्हा लग्न केलं. तीस-पस्तीस वर्षं उलटल्यावर, ती वयस्क, देवधर्म करणारी बाई झालेली असताना, विरोधकांच्या वर्तमानपत्रांनी तिला व्यभिचारिणी, दोन नवऱ्यांची बायको म्हणून देशभर छापलं. त्यात पुढाकार होता आमच्याच ओहायोतल्या सिनसिनाटीच्या एका संपादकाचा, चार्ल्स हॅमंडचा. फिलाडेल्फियाचा मुद्रक जॉन बिन्स यानं जॅक्सनच्या हुकमानं देहांत झालेल्या सहा शिपायांच्या काळ्या शवपेट्या छापलेलं हँडबिल काढलं. त्या शवपेट्यांचे ब्लॉक कसे कोरले असतील, शाई किती लागली असेल, हे मला डोळ्यांसमोर दिसतं. जॅक्सनची माणसं तरी कुठे मागे होती? त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या अध्यक्ष ॲडम्सनं रशियात राजदूत असताना झारला मुलगी पुरवली, असं त्यांनी पसरवलं. जॅक्सन निवडून आला. रेचेल 22 डिसेंबर 1828 ला वारली, नवऱ्याचा शपथविधी पाहायला उरली नाही. जॅक्सननं त्या लोकांना मरेपर्यंत माफ केलं नाही.

तेव्हा तो कागद परत करणारा एकही छापखानेवाला फिलाडेल्फियात किंवा सिनसिनाटीत नव्हता का? असेलही. त्याचं नाव कुठल्या पुस्तकात नाही, जसं माझ्या बाबांचं नाही. अण्णांनी ही गोष्ट विसरावी याचं मला जास्त दुःख आहे, कारण त्या रात्री ते आमच्याच घरी, गठ्ठे बांधायला बसलेले होते.

नकला आणि घोषणा यांचा तर पायाच 1840 साली ओहायोत घातला गेला. व्हिग पक्षाचा उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन. बाप व्हर्जिनियाचा बडा जमीनदार, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. विरोधी पक्षाच्या एका वर्तमानपत्रानं चिडवलं की या म्हाताऱ्याला सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या दारूचं, एक पिंप आणि थोडं पेन्शन द्या, लाकडी खोपटात बसून राहील. व्हिगांनी ते चिडवणंच उचललं. लाकडी खोपटं मिरवणुकीत निघाली, सायडर वाहिलं, आणि वाड्यात जन्मलेला माणूस गरिबांचा झाला. माणसाच्या उंचीपेक्षा मोठे गोळे घोषणा लिहून गावोगाव लोटत नेले. 'टिपकनू अँड टायलर टू' या घोषणेत हॅरिसनचं लढाईवरून पडलेलं टोपणनाव आणि उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव सोडलं तर काहीच नाही, नुसता ठेका आहे, जसा 'ताई माई अक्का, विचार करा पक्का' मध्ये. हॅरिसन बोलत नाही म्हणून विरोधक त्याला मुका जनरल म्हणू लागले, तेव्हा जूनमध्ये कोलंबसच्या एका हॉटेलच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यानं भाषण केलं. अध्यक्षपदाच्या उमेदवारानं स्वतःच्या प्रचाराचं केलेलं पहिलं भाषण म्हणून ते ओळखलं जातं. आणि मतदान किती झालं? शंभरातल्या ऐंशीजणांनी केलं. मतदार जवळपास सगळे गोरे पुरुष होते हे खरं, पण ज्यांना मत होतं ते अशा ठेक्यावर, अशा सायडरवर घराबाहेर पडले. मुद्द्यांच्या डिबेटनं अमेरिकेत इतके लोक नंतर कधी घराबाहेर काढलेले नाहीत.

आता कँटनचं ते घर. 1896. एका बाजूला मॅकिन्ली, दुसऱ्या बाजूला नेब्रास्काचा छत्तीस वर्षांचा विल्यम जेनिंग्ज ब्रायन. ब्रायनजवळ पैसा नव्हता, आवाज होता. तो आगगाडीत बसला आणि सुमारे 18,000 मैल फिरला, सहाशेच्या आसपास भाषणं केली. एकेका दिवशी कित्येक गावं, गाडीच्या शेवटच्या डब्यातून. मॅकिन्लीला त्याचे लोक म्हणाले, तुम्हीही निघा. त्यानं नकार दिला. बायको आयडा आजारी असे, आणि ब्रायनसारखं बोलणं आपल्याला जमणार नाही हे त्याला माहीत होतं. तो आपल्या ओसरीवर बसून राहिला आणि देशच त्याच्याकडे आला. रेल्वे कंपन्यांनी तिकिटं स्वस्त केली. जून ते नोव्हेंबर सुमारे साडेसात लाख माणसं त्या एका ओसरीसमोर उभी राहून गेली. कापड गिरणीचे कामगार, पोलादवाले, जुने सैनिक, सायकलवाल्यांचे क्लब, जथेच्या जथे, बँड लावून. जथ्याचा पुढारी काय बोलणार ते आधी लिहून मागवलं जाई, मॅकिन्ली त्यात दुरुस्त्या करी, मग भेट होई. अंगणातलं गवत गेलं, कुंपणाच्या फळ्या लोकांनी आठवण म्हणून काढून नेल्या.

या सगळ्यामागे क्लीव्हलंडचा उद्योगपती मार्क हॅना होता. बँकांना भांडवलाच्या हिशोबानं पट्टी लावली, स्टँडर्ड ऑइलकडून अडीच लाख डॉलर घेतले, एकूण पस्तीस लाखांच्या घरात रक्कम उभी केली. एक कोटी चाळीस लाख मतं पडली त्या देशात, आणि पत्रकं छापली दहा कोटींहून जास्त, जर्मनमध्ये, स्वीडिशमध्ये, जी जी भाषा मतदार घरात बोलत होता तिच्यात. ते वाचताना मी बाबांचं एकटं ट्रेडल मशीन आठवून बसले होते. ब्रायन पडला. पुढे 1900 ला पडला, 1908 ला पडला. पण मला विचाराल तर आपला माणूस ब्रायन. आजही आपल्याकडे उमेदवार हात जोडून दारात येतो, वाडीवस्तीवर जातो, म्हातारीच्या पाया पडतो. ते खोटं असेल, पण त्याला वाकावं तरी लागतं. कँटनमध्ये लोकांनी जायचं आणि उमेदवारानं ओसरीवरून बघायचं. मॅकिन्लीच्या समाधीला 108 पायऱ्या आहेत. मी त्या शेकडो वेळा चढले आहे, आणि पहिल्यांदा मोजल्या तेव्हा बाबांना फोन करून सांगितलं होतं. जपमाळेएवढ्या आहेत म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला होता.

मतपत्रिकेचं एकच सांगते. 1888 मध्ये मॅसॅच्युसेट्सनं सुरुवात करेपर्यंत इथं सरकारी मतपत्रिका जवळपास नव्हत्याच. पक्ष आपापल्या रंगीत चिठ्ठ्या छापून वाटत, आणि कोण कुठली चिठ्ठी पेटीत टाकतो ते सगळ्यांना दिसे. बायकांना देशभर मत 1920 ला. दक्षिणेतल्या काळ्या माणसाला खरंखुरं मत 1965 च्या कायद्यानंतर. आपण 1951-52 मध्ये सतरा कोटींवर लोकांची यादी केली, ज्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवली, आणि पहिल्याच दिवशी बाईला, दलिताला, भूमिहीनाला, सगळ्यांना एकदम मत दिलं. माझी निरक्षर आजी त्या रांगेत होती. अण्णांचीही ती आजीच.

इथलं मला काय आवडतं, तेही सांगायला हवं, नाहीतर अण्णा म्हणतील एकतर्फी बोलते. उमेदवाराला दोनशे डॉलरपेक्षा जास्त कुणी दिले, त्याचं नाव, गाव, नोकरी मी घरात बसून बघू शकते. माझ्या दातांच्या डॉक्टरनं कुणाला दिले ते मला माहीत आहे. पळवाटा आहेत, 2010 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर फारच मोठ्या झाल्या, आणि खर्चाला मर्यादा घालता येणार नाही हे कोर्टानं 1976 लाच सांगून ठेवलंय. तरीही तो जाहीर हिशोब मोलाचा आहे. आपल्याकडे निवडणूक रोखे सुप्रीम कोर्टानं रद्द करायला 15 फेब्रुवारी 2024 उजाडावी लागली. हेवा करायचाच तर अण्णांनी याचा करावा. डिबेटचा कशाला?

1952 ला अध्यक्षपदाचा उमेदवार आयझेनहॉवर यानं टीव्हीवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. उत्तरं एका दिवसात आधीच चित्रित केली होती, आणि प्रश्न विचारणारी माणसं नंतर न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहाबाहेरून धरून आणली. तिथून पुढे उमेदवारानं कुणाच्या दारात जायचं कारण राहिलं नाही. निवडणुकीच्या वर्षी सप्टेंबरपासून आमच्या टीव्हीवर दोन बातम्यांच्या मध्ये आठ जाहिराती असतात, मेलबॉक्समधून रोज पाच-सहा गुळगुळीत पत्रकं निघतात. मी ती सरळ रिसायकलिंगमध्ये टाकत नाही. आधी तळाची ओळ वाचते, कुणी छापलं, कुणी पैसे दिले. मग कागद बोटांत धरून बघते.

इथवर मी अण्णांशी भांडले. आता जे सांगणार आहे ते मी ग्रुपवर कधी लिहिलेलं नाही.

मी 2014 मध्ये इथलं नागरिकत्व घेतलं आणि 2016 पासून मत देते. अर्ली व्होटिंग न करता मुद्दाम मंगळवारी जाते, चर्चच्या तळघरात. बाहेर शंभर फुटांवर छोटे झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या पलीकडे दोन्ही बाजूंची माणसं कोट घालून उभी असतात. मी दोघांकडेही बघून हसते आणि आत जाते. आमच्या डावीकडच्या घराच्या अंगणात एका पक्षाची पाटी असते, उजवीकडच्या अंगणात दुसऱ्याची. दोन्ही शेजारी चांगले. एकानं आमच्या ड्राइव्हवेचं बर्फ काढलंय, दुसरीनं माझ्या मुलाला पियानो शिकवला. आणि आमचं अंगण 2016 ला कोरं, 2020 ला कोरं, 2024 लाही कोरं. नवरा म्हणतो, आपल्याला काय करायचंय. मी म्हणते, बरोबर आहे. शाळेत असताना ज्या मुलीनं पहाटे खळ शिजवून बादलीत ओतून दिली, मंगळवार पेठेच्या भिंतींवर पोस्टर चिकटवणाऱ्या पोरांमागे शिडी धरली, तिला स्वतःच्या अंगणात हातभर पाटी रोवायचं धाडस होत नाही. कुणी दगड मारेल अशी भीती नाही. पाटी पाहून रस्त्यावरून जाणारा क्षणभर विचारात पडेल की या बाईला इथं मत असायचं काय कारण, ही भीती आहे. तसं कुणी मला एकदाही म्हणालेलं नाही. तरी आहे.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये प्रचाराला आलेल्या एका मुलीनं दार वाजवलं. तिच्या फोनवर आमच्या घरातल्या सगळ्या मतदारांची नावं आणि वयं होती. तिनं माझ्याशी नीट, अदबीनं बोलून मग मुलाची चौकशी केली, कारण त्याचं पहिलं मत होतं. तो बाहेर आला आणि तिच्याशी पाऊण तास बोलला. शाळांच्या लेव्हीबद्दल म्हणजे कराबद्दल, घरभाड्याबद्दल. तो दारात उभा होता, माझ्यासारखा दाराआड नव्हता. जाताना तिनं पाटी हवी का विचारलं आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको.

5 नोव्हेंबरला इथलं मत देऊन मी आईच्या मोतिबिंदूच्या ऑपरेशनसाठी कराडला गेले. मतदान 20 तारखेला होतं. रिक्षांवरचे भोंगे, गल्लीगल्लीत कोपरा सभा, प्रीतिसंगमावर संध्याकाळी गटागटानं चाललेली गणितं. मी रोज सकाळी ओट्यावर बसून ते ऐकायचे आणि अण्णा शेजारी पेपर धरून 'बघ, बघ कसे ओरडतात' म्हणायचे. प्रचार संपायच्या दोन दिवस आधी एक पोरगा मतदार स्लिपा वाटत आला. आईची दिली. मग यादीवर बोट ठेवून त्यानं माझं माहेरचं नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट, आणि म्हणाला, "ह्या कोण?"

मी हात पुढे केला. स्लिपेवर वय लिहिलं होतं, 50. बरोबर होतं. मी 1995 ला तिथं पहिलं आणि शेवटचं मत दिलं, मग लग्न झालं, पुणं झालं, कँटन झालं, पासपोर्ट बदलला, आणि इतकी वर्षं त्या यादीत कुणीतरी माझं वय दर वर्षी एकानं वाढवत होतं.

"येणार ना ताई मतदानाला? गाडी पाठवू का?"

मी त्याला सांगितलं की मी आता भारताची नागरिक नाही, मला मत देता येत नाही, हे नाव कमी करायला पाहिजे, त्यासाठी नमुना 7 भरावा लागतो, तो कुठे मिळतो. पोरगा गोंधळला. मग म्हणाला, "राहू द्या की ताई. नाव काय भाकरी मागतंय व्हय?"

त्याच्यापुढे मला काही बोलता येईना. अण्णांनी पेपर खाली ठेवला. माझ्या हातातली स्लिप घेतली, चष्मा वर करून वाचली, बाबांच्या नावावर जरा थांबले. मग तिची घडी घालून खिशात ठेवली आणि पोराला म्हणाले, "जा तू. आमच्या घरातलीच आहे ती. नमुना 7 चं मी बघतो."

त्यांनी तो अजून भरलेला नाही. मला माहीत आहे, कारण मी यादी ऑनलाइन बघते. खरं तर तो मीच भरायला हवा, तोही मी भरलेला नाही. अण्णांना मी अजून विचारलेलं नाही.